काचबिंदू आणि दृष्टिपटलाचा विद्युत्-प्रतिसाद : खमरियाच्या द्विभाषिक संदर्भात

जबलपूर शहरालगतच्या खमरिया येथे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात दारूगोळ्याचा सरकारी कारखाना उभा राहिला आणि त्याच्याभोवती कामगारांच्या निवासाची वसाहत वाढली. त्या काळी जबलपूर आणि नागपूर ही शहरे मध्यप्रांत व वऱ्हाड या एकाच प्रांतात होती. हिंदी आणि मराठी या दोन्ही भाषांना तेथे प्रांतभाषांचे स्थान होते. 1956च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भाचे मराठी जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात गेले, जबलपूर मध्य प्रदेशात राहिले आणि तेथील मराठी कुटुंबे भाषिक अल्पसंख्य ठरली. खडकी, देहू रोड, वरणगाव, भंडारा, चांदा येथील दारूगोळा कारखाने आणि खमरियाचा कारखाना हे एकाच व्यवस्थेचे भाग होते. ऑक्टोबर 2021 मध्ये आयुध निर्माणी मंडळ विसर्जित झाल्यावरही हे सर्व कारखाने पुण्यात मुख्यालय असलेल्या म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या एकाच कंपनीकडे आले. अशा वसाहतीतील मराठी घराची भाषिक रचना सहज सांगता येण्याजोगी आहे : घरात मराठी, कारखान्यात आणि बाजारात हिंदी, कागदपत्रांवर इंग्रजी. नेत्रतज्ज्ञाच्या खोलीत या तिन्ही भाषा एकाच वेळी हजर असतात, आणि काचबिंदूच्या बाबतीत ही गोष्ट केवळ समाजभाषाशास्त्रीय कुतूहलाची राहत नाही.

याचे कारण रोगाच्या नावापासून सुरू होते. मराठीत 'मोतीबिंदू' आणि 'काचबिंदू' ही नावे जोडीने येतात. महाकोशलातील हिंदीत 'मोतियाबिंद' किंवा 'सफेद मोतिया' आणि त्याच्या शेजारी 'काला मोतिया'. दोन्ही भाषांत एक नाव दुसऱ्याच्या साच्यावर बेतलेले आहे आणि ऐकणाऱ्याचा स्वाभाविक समज असा होतो की हे एकाच दुखण्याचे दोन प्रकार असावेत. मोतीबिंदूविषयीचे लोकज्ञान पक्के आहे : तो 'पिकतो', पिकेपर्यंत थांबावे, मग तो 'काढला' की दिसू लागते. शस्त्रक्रियेच्या आधुनिक तंत्रात पिकण्याची वाट पाहण्याची गरज उरलेली नाही, तरीही मोतीबिंदूत थांबल्याने गेलेली दृष्टी बहुधा परत मिळते. काचबिंदूत जे गेले ते परत येत नाही. उपचाराने फक्त पुढील हानी थोपवता येते किंवा तिची गती कमी करता येते. 'काला मोतिया' हे नाव ऐकून जो मनुष्य तो पिकण्याची वाट पाहतो, तो एका रूपकाची किंमत दृष्टीने चुकवतो.

नावांचा हा गोंधळ केवळ आपल्याकडचा नाही. ग्रीक 'ग्लाउकोस' हा शब्द निळसर-हिरवट, चकाकणाऱ्या रंगछटेचा वाचक आहे. होमरच्या काव्यातील अथेना देवीचे 'ग्लाउकोपिस' हे विशेषण त्याच मुळाचे. प्राचीन वैद्यकात या मुळापासून बनलेला शब्द बाहुलीत दिसणाऱ्या रंगाला उद्देशून वापरला जाई, आणि त्यात आजचा मोतीबिंदू व आजचा काचबिंदू यांची सीमारेषा स्पष्ट नव्हती. अरबीत मोतीबिंदूला 'पांढरे पाणी' आणि काचबिंदूला 'निळे पाणी' अशा अर्थाची नावे आहेत. जर्मनमध्ये तीच जोडी 'करडा' आणि 'हिरवा' या विशेषणांनी केली जाते. जपानी आणि चिनी नावांतही हिरवा-निळा रंग आहे. संस्कृत परंपरेत वाग्भटाच्या अष्टांगहृदयात तिमिर, काच आणि लिंगनाश या दृष्टिरोगाच्या क्रमाने वाढणाऱ्या अवस्था सांगितल्या आहेत; तेथील 'काच' आजच्या मोतीबिंदूच्या वाटेवरचा टप्पा मानला जातो, तर आजच्या काचबिंदूशी अभ्यासक साधारणतः 'अधिमंथ' या वेगळ्याच रोगाची तुलना करतात. म्हणजे मराठीने 'काच' हा शब्द ठेवला, पण त्याचा रोग बदलला. तौलनिक अभ्यासकाला येथे एक गोष्ट चटकन दिसेल : जवळजवळ प्रत्येक भाषेने या रोगाला बाहेरून दिसणाऱ्या रंगावरून किंवा चकाकीवरून नाव दिले, आणि रोग मात्र जेथे बाहेरून काहीच दिसत नाही अशा ठिकाणी घडत असतो.

ते ठिकाण म्हणजे डोळ्याच्या मागील बाजूचे दृष्टिपटल. त्यालाच मराठीत जालपटल असाही शब्द आहे, आणि त्या शब्दाचा प्रवास स्वतंत्र लेखाचा विषय होईल : ग्रीक शरीरशास्त्रज्ञांनी या पडद्याला मासेमारीच्या फेकजाळ्याची उपमा दिली, अरबी अनुवादकांनी 'जाळीदार' या अर्थाचा शब्द घडवला, मध्ययुगीन लॅटिन अनुवादात त्याचे 'रेटिना' झाले, आणि मराठी परिभाषाकारांनी पुन्हा जाळ्याकडे वळून 'जाल' शब्द योजला. या पटलात पेशींचे थर आहेत. प्रकाश टिपणाऱ्या शलाका व शंकू पेशी सर्वांत मागे. त्यांचा संदेश पुढे नेणाऱ्या द्विध्रुवी पेशी मधल्या थरात. आणि सर्वांत आतील बाजूस गुच्छिका पेशी, ज्यांना नेत्रवैद्य गँग्लिऑन पेशी म्हणतात. प्रत्येक डोळ्यात गुच्छिका पेशींची संख्या सुमारे दहा ते बारा लक्ष असते. त्यांचेच लांब तंतू एकत्र येऊन दृक्-तंत्रिका बनते आणि ती मेंदूकडे जाते. काचबिंदूत ऱ्हास होतो तो या गुच्छिका पेशींचा आणि त्यांच्या तंतूंचा. डोळ्यातील वाढलेला दाब हे त्याचे प्रमुख आणि आज उपचाराने बदलता येण्याजोगे कारण. परंतु दाब 'सामान्य' मर्यादेत असूनही हा ऱ्हास होतो, आणि दाब वाढलेला असूनही काही डोळे वर्षानुवर्षे शाबूत राहतात. केवळ दाब मोजून निर्णय देता येत नाही, हे नेत्रवैद्यकाला बऱ्याच उशिरा उमगले.

दीर्घकालीन काचबिंदू बहुधा दुखत नाही. मध्यभागाची नजर शेवटपर्यंत चांगली राहू शकते. वाचन चालू असते, सुईत दोरा ओवता येतो. कडेच्या दृष्टिक्षेत्रात उणीव पडते आणि मेंदू भोवतालच्या दृश्यावरून ती भरून काढतो. लोकप्रिय माहितीपत्रकांत काचबिंदूचा अनुभव काळ्या बोगद्यातून पाहिल्यासारखा रंगवलेला असतो. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या लंडनमधील एका अभ्यासात 50 रुग्णांपुढे वेगवेगळी चित्रे ठेवून त्यांचा अनुभव कोणत्या चित्राशी जुळतो असे विचारले गेले. काळा बोगदा किंवा काळे डाग असलेले चित्र एकानेही निवडले नाही. बहुतेकांनी काही भाग धूसर किंवा नाहीसा झालेले चित्र निवडले, आणि सुमारे एकचतुर्थांश रुग्णांना आपल्या दृष्टीत काही दोष आहे याची जाणीवच नव्हती. आत्मकथनाच्या वाङ्मयाचा अभ्यास करणाऱ्यांनी ही नोंद लक्षात ठेवावी अशी आहे. येथे निवेदक प्रामाणिक आहे, स्मृती शाबूत आहे, आणि तरीही तो जे सांगतो त्यातून नेमकी हरवलेली वस्तूच गळालेली आहे.

दृष्टिक्षेत्र मोजण्याची रूढ पद्धत मात्र या निवेदकावरच अवलंबून असते. पेरिमेट्री या नावाने ती ओळखली जाते. रुग्ण एका अर्धगोल यंत्रापुढे हनुवटी टेकवून बसतो, समोरच्या बिंदूवर नजर स्थिर ठेवतो आणि आजूबाजूला कोठे प्रकाशाचा ठिपका चमकला की हातातील बटण दाबतो. ठिपके कधी ठळक, कधी दिसतील न दिसतील इतके क्षीण. यंत्र साक्षीदाराची उलटतपासणीही घेते : ठिपका नसताना बटण दाबले किती वेळा, आधी दिसलेला ठळक ठिपका नंतर नाकारला किती वेळा, नजर ढळली किती वेळा. या तीन गणनांवरून साक्ष ग्राह्य की अग्राह्य हे ठरते. थकवा, भीती, वय, पूर्वी ही चाचणी केली होती की नाही, आणि सूचना कोणत्या शब्दांत मिळाली, या सर्वांचा निकालावर परिणाम होतो. खमरियातील मराठी माणसाला हिंदी सूचना कळत नाही असे म्हणणे अर्थातच हास्यास्पद ठरेल; त्याचे अर्धे आयुष्य त्या भाषेत गेलेले असते. अडचण निराळी आहे. 'दिसले की दाबा' ही सूचना सोपी वाटते, परंतु 'दिसणे' म्हणजे काय? खात्रीने दिसणे, की दिसल्यासारखे वाटणे? शिस्तीच्या कारखान्यात आयुष्य काढलेला, चूक होऊ नये म्हणून दोनदा तपासणारा मनुष्य खात्री झाल्यावाचून बटण दाबणार नाही, आणि त्याचे दृष्टिक्षेत्र कागदावर प्रत्यक्षापेक्षा दरिद्री उमटेल.

दुसरी मर्यादा अधिक गंभीर आहे. मृत्यूनंतर दान केलेल्या डोळ्यांतील पेशी मोजून त्याच रुग्णांच्या हयातीतील दृष्टिक्षेत्राशी त्यांची तुलना केली गेली, तेव्हा असे आढळले की सुमारे 25 ते 35 टक्के गुच्छिका पेशी गेल्यानंतरच पेरिमेट्रीतील दोष संख्याशास्त्रीयदृष्ट्या निश्चित होतो. साक्ष येते तेव्हा बरेच घडून गेलेले असते. म्हणूनच माणसाला न विचारता थेट दृष्टिपटलालाच विचारता येईल काय, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

हा प्रश्न वाटतो त्यापेक्षा जुना आहे. स्वीडनमधील उप्साला येथील शरीरक्रियाशास्त्रज्ञ फ्रिथिऑफ होल्मग्रेन यांनी 1865 मध्ये बेडकाच्या डोळ्यावर विद्युत् अग्रे ठेवून प्रकाश पाडला तेव्हा विद्युत्-प्रवाहात बदल होतो असे दाखवले. त्यांच्या निबंधाच्या शीर्षकातच प्रकाशाचा दृष्टिपटलावरील परिणाम वस्तुनिष्ठ रूपात आणण्याची पद्धत, असा आशय होता. तो निबंध स्वीडिश भाषेत, एका स्थानिक वैद्यकीय संस्थेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला आणि बाहेर फारसा वाचला गेला नाही. 1873 मध्ये स्कॉटलंडमध्ये जेम्स ड्यूअर आणि जॉन मॅकेंड्रिक यांनी तोच शोध स्वतंत्रपणे लावला. छोट्या भाषेत लिहिलेले सत्य दुसऱ्यांदा शोधावे लागते, याचे विज्ञानाच्या इतिहासातील हे एक स्वच्छ उदाहरण होय. ड्यूअर म्हणजे ज्यांच्या निर्वात पात्रातून पुढे घरोघरचा थर्मास आला तेच. जिवंत माणसाच्या डोळ्याचा विद्युत्-प्रतिसाद नोंदवण्यातही त्यांनीच 1877 मध्ये यश मिळवले.

याच इतिहासात भारतीय वाचकाला ओळखीचे एक नाव येते. जगदीशचंद्र बोस यांनी 1902 मध्ये प्रसिद्ध केलेल्या सजीव व निर्जीवांच्या प्रतिसादांवरील ग्रंथात दृष्टीसंबंधी प्रकरणे आहेत. बेडकाच्या दृष्टिपटलाचा विद्युत्-प्रतिसाद आणि प्रकाशसंवेदी चांदीच्या घटाचा प्रतिसाद त्यांनी शेजारी ठेवून तपासले आणि त्या धातुघटाकडे कृत्रिम दृष्टिपटल म्हणून पाहिले. सजीव-निर्जीवांच्या एकत्वाविषयीचा त्यांचा व्यापक निष्कर्ष शरीरक्रियाशास्त्राने स्वीकारला नाही, आणि ते योग्यच झाले असे म्हणावे लागेल. परंतु वक्ररेषेची तुलना वक्ररेषेशी करावयाची, ही त्यांची रीत या क्षेत्रात आजही तीच आहे.

या वक्ररेषेला इलेक्ट्रोरेटिनोग्राम, संक्षेपाने ईआरजी, असे म्हणतात. मराठीत 'विद्युत्-दृष्टिपटलालेख' असा शब्द करता येईल. राग्नार ग्रॅनिट यांनी 1933 मध्ये मांजराच्या डोळ्यावरील प्रयोगांतून या रेषेचे घटक वेगळे करून दाखवले. दृष्टिविषयक संशोधनासाठी 1967 च्या नोबेल पुरस्कारात त्यांचा वाटा होता. 1941 मध्ये अमेरिकेत लॉरिन रिग्ज यांनी डोळ्यावर बसवावयाच्या काचभिंगातच विद्युत् अग्र बसवले, आणि 1945 मध्ये स्वीडनमधील गोस्टा कार्पे यांच्या प्रबंधामुळे ही पद्धत रुग्णालयात आली. डोळ्यात औषध घालून बाहुली मोठी केली जाते. रुग्णाला सुमारे वीस मिनिटे अंधारात बसवले जाते. बुबुळावरील पारदर्शक पारपटलाला, म्हणजे कॉर्नियाला, बारीक तंतूचे किंवा भिंगाचे अग्र स्पर्श करते. मग एका अर्धगोलातून सर्व दृष्टिक्षेत्रावर सारखा प्रकाशाचा झोत पडतो. रेषा प्रथम खाली जाते, आणि हा भाग मुख्यतः शलाका-शंकू पेशींचा. मग ती झपाट्याने वर उसळते, त्यात द्विध्रुवी पेशींचा वाटा मोठा. हे सर्व सेकंदाच्या काही शतांशांत घडते, आणि उंची शेकडो मायक्रोव्होल्टपर्यंत जाते. मायक्रोव्होल्ट म्हणजे व्होल्टचा दशलक्षावा भाग.

येथे काचबिंदूच्या अभ्यासकांची दीर्घकाळ निराशा झाली. ज्याची दृष्टी काचबिंदूने बरीच गेली आहे अशा रुग्णाचाही हा झोताचा आलेख पुष्कळदा जवळजवळ निरोगी येतो. कारण पाहता ते उघड आहे : रोग आहे गुच्छिका पेशींत, आणि वर सांगितलेल्या दोन ठळक तरंगांत गुच्छिका पेशींचा आवाज जवळजवळ नाही. प्रश्न विचारला गेला होता, उत्तरही मिळत होते, पण ते दुसऱ्याच कोणाचे होते.

गुच्छिका पेशींना बोलते करावयाचे तर त्यांच्या आवडीचा प्रश्न विचारावा लागतो. या पेशी एकसारख्या उजेडाला फारशी दाद देत नाहीत. शेजारशेजारच्या उजेड-अंधारातील फरक, म्हणजे विरोध, त्यांना चेतवतो. म्हणून झोताऐवजी बुद्धिबळाच्या पटासारखी काळ्यापांढऱ्या चौकटींची जाळी दाखवतात आणि ठराविक काळाने काळ्या चौकटी पांढऱ्या, पांढऱ्या काळ्या करतात. पडद्यावरचा एकूण प्रकाश बदलत नाही. बदलते ती केवळ मांडणी. 1960 च्या दशकात रिग्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा आकृतीला मिळणारा प्रतिसाद नोंदवला होता. त्याचा निर्णायक अर्थ 1981 मध्ये इटलीतील पिसा येथील लाम्बेर्तो माफेई आणि आद्रियाना फिओरेन्तिनी यांनी लावला. त्यांनी मांजराची दृक्-तंत्रिका छेदली. पुढील काही महिन्यांत गुच्छिका पेशी क्षीण होत गेल्या तसतसा आकृतीचा प्रतिसाद मावळला, आणि झोताचा प्रतिसाद मात्र शिल्लक राहिला. या चाचणीला 'पॅटर्न ईआरजी' म्हणतात; 'आकृति-आलेख' हा शब्द तिला शोभेल.

आकृति-आलेख घेणे हे चिकाटीचे काम आहे. चौकटी सेकंदाला साधारण चार वेळा उलटतात. प्रत्येक उलटीचा प्रतिसाद मोजक्या मायक्रोव्होल्टचा. तो पापणीची हालचाल, स्नायूंचा ताण आणि भिंतीतील वीजवाहिन्यांचा पन्नास हर्ट्झचा गुंजारव यांत बुडून जातो. म्हणून शंभर किंवा त्याहून अधिक प्रतिसाद एकावर एक ठेवून त्यांची सरासरी काढतात. गोंगाट दर वेळी निराळा असल्याने परस्परांना खोडतो. प्रतिसाद दर वेळी ठराविक क्षणी येत असल्याने शिल्लक राहतो. हस्तलिखितांच्या पाठचिकित्सेत अनेक प्रती ताडून लेखकुंच्या चुका गाळण्याची जी रीत आहे तिच्याशी याचे साम्य वरवरचे नाही. फरक इतकाच की येथे सर्व प्रती एकाच लेखणीच्या असतात. उरलेल्या रेषेत सुमारे पन्नास मिलिसेकंदांवर एक उंचवटा आणि सुमारे पंचाण्णव मिलिसेकंदांवर एक खोलगट भाग दिसतो. काचबिंदूत या दोन्हींची, विशेषतः खोलगट भागाची, मात्रा घटते. या चाचणीत बाहुली मोठी करीत नाहीत. आकृती दृष्टिपटलावर रेखीव उमटली पाहिजे, म्हणून रुग्णाचा चष्म्याचा नंबर भिंगाने सुधारून घेतात. रुग्णाने बटण दाबावयाचे नसते, काही सांगावयाचे नसते. पडद्याच्या मध्यबिंदूकडे पाहत राहणे एवढेच त्याचे काम.

मोतीबिंदूने आकृती धूसर झाली असेल तर मात्र हा आलेख रोगावाचूनच खुजा येतो, आणि उतारवयात दोन्ही 'बिंदू' एकाच डोळ्यात नांदणे अगदी सामान्य आहे. या अडचणीवर उतारा ठरू शकणारा दुसरा मार्ग 1999 मध्ये पुढे आला. ह्यूस्टन येथे सुरेश विश्वनाथन, लॉरा फ्रिशमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माकडांतील प्रायोगिक काचबिंदूत असे दाखवले की उजेडातील झोत-आलेखाच्या मोठ्या उसळीनंतर येणारा एक संथ, ऋण खोलगट भाग गुच्छिका पेशींच्या हानीबरोबर नाहीसा होतो. माणसांतही तो काचबिंदूत घटलेला आढळला. निळ्या पार्श्वभूमीवर लाल झोत टाकला की हा भाग चांगला उठून दिसतो. म्हणजे ज्या झोत-आलेखात गुच्छिका पेशी मुक्या आहेत असे मानले गेले होते, त्याच आलेखाच्या शेपटीत त्या बोलत होत्या. वाचणाऱ्यांची नजर दोन ठळक तरंगांवर खिळलेली होती. या चाचणीला चौकटींची रेखीव प्रतिमा किंवा नजरेची काटेकोर स्थिरता लागत नाही. दृष्टि-विद्युत्-क्रियाशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने 2018 मध्ये तिच्यासाठी प्रमाणित कार्यपद्धती प्रसिद्ध केली.

या मापनांतून हाती काय येते, याविषयी उत्साहाच्या भरात अतिशयोक्ती होऊ नये. फ्रायबुर्ग येथील मिखाएल बाख आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाब वाढलेल्या, परंतु दृष्टिक्षेत्र शाबूत असलेल्या व्यक्तींचा मागोवा घेतला आणि ज्यांचा आकृति-आलेख आधीच खालावला होता त्यांच्यात पुढे काचबिंदू अधिक प्रमाणात उद्भवतो असे दाखवले. मायामी येथील संशोधनात संशयित रुग्णांच्या आकृति-आलेखातील घट, पटलाच्या तंतुथराची जाडी कमी झाल्याचे ओसीटी यंत्राला दिसण्यापूर्वी काही वर्षे सुरू झाल्याचे आढळले. त्याच संस्थेतील लोरी व्हेन्तुरा आणि व्हित्तोरिओ पोर्चियात्ती यांच्या 2005च्या अभ्यासात याहून विलक्षण गोष्ट होती : प्रारंभिक काचबिंदूत डोळ्यातील दाब कमी केल्यावर काही डोळ्यांचा आकृति-आलेख सुधारला. मेलेल्या पेशी जिवंत झाल्या नाहीत. परंतु मृत्यू आणि आरोग्य यांच्या दरम्यान एक अवस्था आहे, ज्यात पेशी जिवंत असून मूक असते, आणि दाब हटवल्यास ती पुन्हा बोलू शकते, असा या निरीक्षणाचा अर्थ लावला जातो. ही अवस्था पेरिमेट्रीला दिसत नाही, आणि तंतूंची जाडी मोजणाऱ्या यंत्रालाही सहसा दिसत नाही.

दुसऱ्या बाजूला, दोन निरोगी माणसांच्या आलेखांतील फरक इतका मोठा असतो की एका आकड्यावरून रोग ठरवणे धाडसाचे होते. वयाबरोबर मात्रा घटते. अग्र किंचित सरकले तरी आकडा बदलतो. पटलाच्या मध्यभागाचे इतर विकार आकृति-आलेखात काचबिंदूसारखे दिसू शकतात. म्हणून ही चाचणी नेत्रवैद्याच्या नित्याच्या तपासणीची जागा घेत नाही. दाब, दृक्-तंत्रिकेच्या मुखाचे निरीक्षण, पेरिमेट्री आणि ओसीटी यांना ती जोडून येते. ती सर्वत्र उपलब्धही नसते. प्रायः मोठ्या नेत्रसंस्थांत आणि वैद्यकीय महाविद्यालयांतच तिची यंत्रणा आढळते.

आंतरराष्ट्रीय मानकांतील एक सूचना तौलनिक अभ्यासकांच्या मनात घोळत राहील अशी आहे : प्रत्येक प्रयोगशाळेने आपले संदर्भमान स्वतः ठरवावे. फ्रायबुर्गमधील निरोगी डोळा जबलपूरच्या डोळ्यासाठी मापदंड मानता येत नाही. यंत्रे, अग्रे आणि माणसे निराळी असतात. खमरियापासून सुमारे पावणेतीनशे किलोमीटरवरील नागपूर परिसरात स्थानिक मापदंडांच्या दिशेने एक मोठे काम झाले आहे. सूरज आय इन्स्टिट्यूटचे विनय नांगिया आणि जर्मनीतील योस्ट योनास यांच्या नेतृत्वाखाली 2006 ते 2009 या काळात नागपूरजवळच्या ग्रामीण भागात 'सेंट्रल इंडिया आय अँड मेडिकल स्टडी' झाला. त्यात तीस वर्षांवरील 4711 व्यक्तींची तपासणी झाली, आणि ही गावे मराठी मुलुखातील होती. दाब, पारपटलाची जाडी, दृक्-तंत्रिकेच्या मुखाचा आकार यांची मध्य भारतातील मोजमापे या अभ्यासाने पुढे आणली. विद्युत्-प्रतिसादाच्या मापनाचा अशा लोकसंख्याधारित पाहण्यांत सहसा समावेश नसतो. एकेका डोळ्यामागे लागणारा वेळ आणि खर्च पाहता ते समजण्यासारखे आहे. परिणामी मध्य भारतातील मराठी माणसाचा आकृति-आलेख वाचताना वाचकाच्या हाती बहुधा प्रयोगशाळेपुरते, मर्यादित संख्येचे संदर्भमानच असते.

या अडचणीतून व्यवहारात काढलेली वाट अशी की रुग्णाची तुलना त्याच्या स्वतःशीच करावयाची. पहिला आलेख निदानासाठी जितका, तितकाच पुढील आलेखांचा पाया म्हणून उपयोगी असतो. ठराविक काळाने, त्याच प्रयोगशाळेत, त्याच प्रकारच्या अग्रांनी दुसरा घ्यावयाचा आणि दोन्ही एकावर एक ठेवून पाहावयाचे. दोन डोळ्यांतील फरकही असाच बोलका असतो, कारण काचबिंदू दोन्ही डोळ्यांत क्वचितच समान वेगाने वाढतो. खमरियाच्या वसाहतीतील निवृत्त कामगाराच्या हाती जो कागद पडतो त्यावर एक वक्ररेषा, काही आकडे आणि खाली इंग्रजीत दोन ओळींचा अभिप्राय असतो. डॉक्टर हिंदीत 'काला मोतिया की शुरुआत' असे काहीसे सांगतात. घरी पोहोचेपर्यंत त्याचे मराठीत 'काचबिंदू' होते, आणि शेजारी विचारतात की पिकायला किती वेळ आहे. रेषेत याचे उत्तर आहे : पन्नास मिलिसेकंदांवरचा उंचवटा अजून उभा आहे, पंचाण्णववरचा खोलगट भाग उथळ झाला आहे, डाव्या डोळ्यात उजव्यापेक्षा अधिक. ते उत्तर 'पिकणे' या क्रियापदात बसत नाही. दाब कमी करण्याचे थेंब रोज ठरल्या वेळी घालावयाचे आहेत, डोळा दुखत नसला आणि दिसण्यात काही फरक वाटत नसला तरीही, आणि सहा महिन्यांनी पुन्हा त्याच पडद्यापुढे बसावयाचे आहे, हे त्याला आणि त्याच्या घरच्यांना कोणत्या तरी भाषेत सांगावे लागते.